डबल बेल मिळाल्याशिवाय

गाडी चालवायला मी चाळिशीत शिकले, आणि ज्यांच्याकडे शिकले ते गृहस्थ डबल बेल मिळाल्याशिवाय स्वतःच्या अंगणातूनसुद्धा गाडी हलवत नसत. एस.टी.ने फिरलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. कंडक्टरने दोरी एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की निघा. या मामांनी, सगळे त्यांना मामाच म्हणत, तेहतीस वर्षं एस.टी. चालवली होती, त्यातली निम्म्याहून जास्त पनवेल-अलिबाग रस्त्यावर. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी मारुती घेतली, तिला डाव्या बाजूला दुसरा क्लच आणि ब्रेक बसवून घेतला, आणि स्टँडच्या मागच्या गल्लीत, एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर ड्रायव्हिंग स्कूल उघडलं. मारुतीत दोरी नव्हती, घंटाही नव्हती. मग डावीकडे बसलेल्या माणसाने खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि दाराच्या पत्र्यावर दोनदा तळवा आपटायचा, ही त्यांची डबल बेल. एकदा आपटला तर थांबा.

शिकवताना मामा डावीकडे बसायचे, तेव्हा बेल तेच द्यायचे. स्वतः चालवताना मात्र शेजारी बसेल त्याला हे काम लागायचं, आणि बहुतेक वेळा शेजारी त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, असायच्या. बाजारातून भाजी घेऊन दोघं निघाले की काकू पदर सावरायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि खिडकीतून हात काढून पत्रा वाजवायच्या. "लगीन झाल्यापासून यांना मीच बेल देतंय," असं त्या मला एकदा म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा हात नेमका पडायचा. त्या दारावर एका जागी रंग उडून पत्रा चकचकीत झाला होता.

मामा मूळचे ओव्याचे. गाव जिथल्या तिथेच राहिलं आणि चहूबाजूंनी खारघर उभं राहिलं. त्याबद्दल त्यांना कुणी छेडलं की ते शांतपणे म्हणायचे, "आमच्या शेतात आता लिफ्ट हाय." एवढं बोलून विषय संपायचा. उंचीने कमी, अंगाने काटक, खाकी पँट निवृत्तीनंतरही सुटली नव्हती, खांद्यावर पंचा. त्या पंच्याने ते दर दहा मिनिटांनी समोरची काच पुसायचे, स्वच्छ असली तरी.

माझं पनवेलला चष्म्याचं दुकान. सासऱ्यांनी टाकलेलं, पुढे मी शिकून घेतलं आणि चालवायला लागले. पेणकडच्या शाळांतून मुलांचे डोळे तपासण्याची शिबिरं असायची, तिथे मला काचांची पेटी घेऊन जावं लागे. ती पेटी मांडीवर धरून एस.टी.तून जाता जाता माझी कंबर गेली, तेव्हा मी ठरवलं की गाडी शिकायचीच. नवरा म्हणाला, "या वयात?" त्यामुळे दुसऱ्याच दिवशी जाऊन नाव घातलं. मला कुणी काही शिकवलेलं आवडत नाही, हा माझा जुना दोष आहे. मामांना तो पहिल्या पाच मिनिटांत कळला.

पहिल्या दिवशी मी सीटवर बसले, पट्टा लावला, क्लच दाबून पहिला गिअर टाकला आणि मोठ्या ऐटीत गाडी सोडली. दोन हात पुढे गेली असेल नसेल, मामांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन बंद पडली.

"बाय, मी बेल दिली का?"

"नाही."

"मग गाडी कशी हालली?"

मी म्हटलं, "मामा, ही काय एस.टी. आहे का?"

त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, "ड्रायवरला पुढचं दिसतं. मागं कोन चढतंय, कोनाचा पाय फुटबोर्डवर हाय, कोनाचं पोर खाली ऱ्हायलंय, ते कंडक्टरला दिसतं. आपल्याला सगळं दिसतंय असं ज्याला वाटलं ना, तो ड्रायवर गेला. म्हनून बेल." मग त्यांनी हात बाहेर काढून पत्रा दोनदा वाजवला आणि मी निघाले. तेव्हा मला ते खूळ वाटलं होतं.

चुका मोजायची त्यांची स्वतःची रीत होती. मोठी चूक म्हणजे फुल तिकीट, लहान चूक म्हणजे हाफ. तास संपला की हिशेब सांगायचे, "आज तीन फुल, एक हाफ." आरसा न बघता वळलं तर फुल. वळून झाल्यावर आठवण येऊन आरसा बघितला तर हाफ. मी एकदा भांडले होते की समोरून येणारा रिक्षावालाच चुकीचा होता. मामांनी विचार केला आणि म्हणाले, "त्याचं फुल. पन तू त्याला शिवी दिलीस, त्याचं तुजं हाफ."

एक चूक मात्र सबंध पनवेलात फक्त त्यांचेच शिष्य करायचे. परीक्षेच्या दिवशी इन्स्पेक्टर शेजारी येऊन बसायचा, "चला" म्हणायचा, आणि मामांचा शिष्य गिअर टाकून तसाच बसून राहायचा. बेलची वाट बघत. माझंही तेच झालं. इन्स्पेक्टर दोनदा "चला" म्हणाले. मला कळत होतं की निघायला हवं, पण पाय क्लचवरून उठेना. शेवटी त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मामांकडच्या का?" मी मान हलवली. त्यांनी हातातलं पेन फायलीवर दोनदा आपटलं आणि माझी गाडी सुरळीत निघाली. मी पास झाले.

पण मामांच्या लेखी ती परीक्षा खरी नव्हतीच. खरी परीक्षा कर्नाळ्याची. इतर शाळा एकवीस दिवसांत शिकवून मोकळ्या व्हायच्या. मामांकडे बाविसावा दिवस असायचा, त्याची फी नव्हती. पहाटे निघायचं, पळस्प्याच्या फाट्यावरून गोव्याचा रस्ता धरायचा, शिरढोण मागे टाकायचं, आणि जिथे अभयारण्याची झाडी सुरू होते तिथे गाडी कडेला घ्यायची. मामा डॅशबोर्डखाली हात घालून एक बटण बंद करायचे. त्याने हॉर्नचा करंट तुटायचा. चारही काचा खाली. तिथून खिंड ओलांडेपर्यंत वेग तिसाच्या आत, हॉर्न नाही, बोलणं नाही.

तो रस्ता तेव्हा अजून दुपदरी होता. दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांत शिरलेली, खाली सावलीचा हिरवा बोगदा. डाव्या हाताला डोंगर, आणि मध्येच एखाद्या वळणावर पानांच्या फटीतून कर्नाळ्याचा सुळका दिसायचा आणि लगेच नाहीसा व्हायचा. मी त्या रस्त्याने शंभर वेळा एस.टी.ने गेले असेन. पण त्या सकाळी तिसाच्या वेगात, काचा उघड्या टाकून जाताना मला पहिल्यांदा कळलं की त्या रस्त्याला थंडी आहे, वास आहे, ओल्या पाल्याचा आणि मातीचा. कुठेतरी एक पक्षी माणसासारखी शीळ घालत होता, सूर लावावा आणि अर्ध्यावर विसरावा तशी. मामांना पक्ष्यांची पुस्तकी नावं येत नव्हती. हा "शिट्टीवाला", पांढरी लांब शेपूट घेऊन फिरणारा तो "रिबीनवाला", झाड पोखरणारा "सुतार". माकडं मात्र त्यांना टोळीनिशी ओळखीची होती.

मागून एक ट्रक आला आणि भोंगा वाजवू लागला. माझा हात आपोआप आमच्या हॉर्नवर गेला. आवाज झाला नाही. मामांनी फक्त बोट वर केलं. फुल तिकीट.

खिंडीच्या अलीकडे ओढ्यावर एक मोरी आहे. तिथे त्यांनी पत्रा एकदा वाजवला, मी थांबले. तिथे थांबून ते प्रत्येक शिष्याला एकच गोष्ट सांगायचे. माझ्या आधी किती जणांनी ऐकली असेल कुणास ठाऊक, पण माझ्यासमोर ते पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगत होते.

"थंडीचे दिस व्हते. धुकं. सकाळची पयली गाडी. हितं, ह्या मोरीवर भेकर उभं. डावीकडं, कडंला. रस्त्यावर नाय, कडंला. मी हॉर्न मारला. मोठ्यानं मारला. आनि त्यानं उडी मारली ती सरळ माज्या चाकाखाली. मी गप जातो ना, तर ते उबंच ऱ्हातं. मीच त्याला उडी मारायला लावली."

मग ते गाडीतून उतरले होते. भेकर अजून जिवंत होतं. त्यांनी ते उचलून कडेला नेलं आणि त्याच्याजवळ बसले. मागे गाडीत चाळीस माणसं, कुणाला कोर्टात जायचं होतं, कुणाला बाजाराला, लोक ओरडत होते. "कंडक्टर डबल बेल देतोय, परत डबल बेल देतोय. मना ऐकायला येतंय. पन ते गेलं नाय तवर मना उटता येईना. सगळ्या नोकरीत तेवडी येकच बेल मी मोडली." उशीर केल्याबद्दल मेमो मिळाला. त्यानंतर कर्नाळ्यात त्यांनी हॉर्न मारला नाही, निवृत्त होईपर्यंत.

मी चिडखोर बाई आहे, पटकन रडत नाही. तिथे रडले. मामांनी खांद्यावरचा पंचा काढून दिला, आणि त्याला काच पुसून पुसून धुळीचा वास येत होता, हेही मला आठवतं.

खिंड उतरलं की एक चहाची टपरी होती. तिथे चहा, तिकिटांचा हिशेब, आणि येताना गाडी मामा चालवायचे. हा त्यांचा बाविसाव्या दिवसाचा हक्क होता. जाताना शिष्य, येताना मामा, आणि शिष्याने डावीकडे बसून बेल द्यायची. उलट्या दिशेने तीच खिंड ते अशी चालवायचे की गिअर बदललेला कळत नसे. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख दिसायचं ते मी फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. त्या एका परतीसाठीच त्यांनी शाळा काढली असावी असा मला संशय होता, आणि तो पुढे खरा ठरला.

मी शिकून गेले तरी मामा सुटले नाहीत. संध्याकाळी शाळा बंद केली की ते माझ्या दुकानातल्या बाकावर येऊन बसायचे, चहा घ्यायचे आणि मग गाडी घेऊन ओव्याला जायचे. अशी सहासात वर्षं गेली.

आत येताना डाव्या हाताला माझा फ्रेमचा स्टँड होता. एक दिवस मामांचा खांदा त्याला लागला आणि चारपाच फ्रेम खाली पडल्या. चार दिवसांनी पुन्हा. तिसऱ्या वेळी मी गोळा करता करता म्हटलं, "मामा, बसा खुर्चीवर. डोळे बघते."

ते आनंदाने बसले. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून दाखवला. खालची बारीक ओळ दोनदा वाचली, मला हिणवायला. "बग. साठी उलटलेल्या मानसाचा डोळा हाय हा."

खरं म्हणजे मला तिथेच थांबता आलं असतं. पण तक्त्यावर समोरचं कळतं, बाजूचं कळत नाही, हे मी शिबिरांत डोळ्यांच्या डॉक्टरांकडून शिकले होते. मी मामांच्या समोर बसले, त्यांचा उजवा डोळा झाकायला लावला आणि म्हटलं, "माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. बाजूला माझं बोट हललं की सांगा."

मी उजवा हात लांब नेऊन बोट हलवलं, त्यांच्या डावीकडे.

"हालवलंस," ते लगेच म्हणाले.

पुन्हा हलवलं. "हालवलंस."

बरोबर येत होतं, तरी मला काहीतरी खटकत होतं. ते बोट हलल्याबरोबर नव्हे, किंचित नंतर बोलत होते. मग माझ्या लक्षात आलं. माझ्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. मी काही न बोलता त्या हातातून उतरवल्या, टेबलावर ठेवल्या आणि पुन्हा बोट हलवलं.

मामा माझ्या नाकाकडे बघत राहिले. मी बोट हलवत होते. हळूहळू आत आणत होते. त्यांच्या गालाच्या जवळ आणलं, तरी ते वाट बघत होते. शेवटी म्हणाले, "बांगड्या काडल्यास व्हय?"

दोन वर्षांपूर्वीच त्यांना मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायला थेंब घालायचे. थेंबाची बाटली पँटच्या खिशात होती, काकूंना माहीत नव्हती. "समोरचं सगळं दिसतं ग. बाजूनं कोनीतरी दार लोटत आनलंय." काचा उघड्या ठेवायची त्यांची जुनी सवय होती, त्यातून ऐकू येणाऱ्या आवाजांच्या जोरावर दोन वर्षं गाडी चालली होती. डावीकडून रिक्षा येते, मागून ट्रक येतो, हे ते न बघता सांगायचे आणि आम्हा सगळ्यांना ती कर्तबगारी वाटायची.

"मामा, आता गाडी बंद करायची," मी म्हटलं.

ते म्हणाले, "शाळा बंद झाली तर झाली. पन बाविसावा दिस गेला तर माज्याकडं काय ऱ्हातं, सांग. कोनाला बोलू नकोस. मी संभाळून चालवतंय."

आणि मी गप्प बसले. हे लिहायला आजही जड जातं. मी स्वतःला सांगितलं की शिकवताना ते डावीकडे असतात, चालवतो शिष्य. पण रोज ओव्याला गाडी कोण नेतं आणि बाविसाव्या दिवशी येताना खिंड कोण चालवतं, हे मला पक्कं माहीत होतं. दुकानात येणाऱ्या परक्या माणसालाही मी खडसावून सांगते की या नंबरात स्कूटर चालवू नका. मामांच्या बाबतीत माझी जीभ उचलेना, कारण मी त्यांचा चेहरा पाहिलेला होता. असे दोन महिने गेले.

मग एक दिवस खांदा कॉलनीतल्या एक शिक्षिका चष्म्याला आल्या. त्याही मामांकडे शिकत होत्या आणि त्यांचा बाविसावा दिवस नुकताच झाला होता. फ्रेम बघता बघता त्या सहज म्हणाल्या, "काल कर्नाळ्याला वाचलो बाई. जाताना डावीकडच्या उतारावरून एक कातकरी बाई डोक्यावर मोळी घेऊन उतरली ती थेट डाव्या चाकाशी. मी ब्रेक मारला म्हणून. आणि मामा मलाच विचारतात, का थांबलीस?"

हातातली फ्रेम मी खाली ठेवली.

त्या संध्याकाळी मामा आले ते फ्रेमच्या स्टँडला धक्का न लावता आले. भिंतीला हात लावत, सावकाश. चहा आला तो तसाच ठेवला.

"मास्तरीन आली व्हती ना?"

"हो."

"मना ती मोळीवाली दिसलीच नाय. आवाजबी नाय आला. अनवानी व्हती." त्यांनी पंचा हातात घेऊन पिळला. "येताना मी चालवली नाय. पोटात दुकतं म्हनून सांगितलं. बाय, उद्या सकाळी चल. मना खिंड येकदा चालवू दे. शेवटची. मग चावी काकूकडं."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं, हे हो म्हणतानाच कळत होतं.

सकाळी पनवेलातून मी चालवली. थंडी होती, पातळ धुकं होतं. पळस्प्याला मामांनी घणाच्या आवाजावरून सांगितलं की कुणीतरी पुलाच्या कामाला लवकर लागलंय. रस्ता रुंद करायची बोलणी तेव्हा सुरू झाली होती, आणि झाडी सुरू होते तिथल्या पहिल्या काही खोडांवर पांढऱ्या रंगात आकडे घातलेले होते. मामांना ते दिसले की नाही मला माहीत नाही. मी सांगितलं नाही.

नेहमीच्या जागी गाडी कडेला घेतली. आम्ही उतरून जागा बदलल्या. मामा उजवीकडे बसले. सीट मागे सरकवली, आरसे बोटांनी नीट केले, पंच्याने समोरची काच पुसली, आतून आणि मग पुन्हा उतरून बाहेरून. डॅशबोर्डखाली हात घालून हॉर्न बंद केला. काचा खाली. चावी फिरवली. क्लच, पहिला गिअर. दोन्ही हात चाकावर ठेवून, समोर बघत, ते थांबले.

माझा हात खिडकीबाहेर होता, रंग उडालेल्या त्या जागेवर. पत्रा गार लागत होता.

मला भेकर आठवत होतं, जे मी कधी पाहिलं नव्हतं. आणि ती बाई आठवत होती, तीही मी पाहिली नव्हती. खिंड पाचसात मिनिटांची. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. बहुतेक काही झालं नसतं. मामांच्या हातात ती पाचसात मिनिटं द्यावीत असं मला फार वाटत होतं.

"बाय, बेल."

मी हात उचलला नाही.

"बेल दे ना."

"नाही देत, मामा."

इंजिन चालू होतं. बाजूने एक एस.टी. गेली, तिच्या वाऱ्याने आमची गाडी हलली. मामांना कुणी अडवलं नव्हतं. पाय उचलला असता तर गाडी निघाली असती, माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवायचं मला सुचलंही नव्हतं. पण ते तसेच बसून राहिले, मान थोडी माझ्याकडे वळवून, कान देऊन. शीळवाला पक्षी बोलायला लागला, अर्ध्यावर थांबला, पुन्हा लागला. मग मामांनी गिअर काढला आणि चावी उलटी फिरवली.

"बेल नाय तर गाडी नाय," ते म्हणाले. "बरोबर हाय."

उतरून गाडीला वळसा घालताना त्यांनी बॉनेटवरून हात फिरवत नेला. मी आधीच रडत होते. त्यांनी पंचा दिला आणि म्हणाले, "काच पुसून घे, तुला दिसायचं नाय."

मी चाकाशी बसले. ते डावीकडे बसले. त्यांचा हात बाहेर गेला आणि पत्रा दोनदा वाजला, नेहमीसारखा. मी निघाले. तिसाच्या आत, हॉर्न नाही, बोलणं नाही. मामांनी डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे त्यांनी पत्रा एकदा वाजवला. मला काहीच दिसत नव्हतं, पण मी थांबले. जरा वेळाने डावीकडच्या झाडीतून माकडांची टोळी उतरली, एक, दोन, पोटाशी पिल्लू धरलेली एक, आणि आमच्या समोरून रस्ता ओलांडून गेली. शेवटचं गेल्यावर मामांनी डबल बेल दिली.

खिंड उतरून टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याने मामांना विचारलं, "आज जुनी शिष्या?" मामा म्हणाले, "आज कंडक्टर हाय ती."

मी सावरले होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मामा, आज किती?"

त्यांनी विचार केला. "एक फुल."

"कशाचं? हॉर्न मारला नाही. तिसाच्या वर गेले नाही."

"दोन मयने गप बसलीस, त्याचं." त्यांनी चहा फुंकला. "मी तुला गप बसवलं, त्याचं माजंबी एक फुल."

कप खाली ठेवून ते उठले. येतानाची पाळी त्यांची होती, सवयीने ते उजव्या दाराशी गेले, मुठीवर हात ठेवला. मग तो काढून घेतला, सावकाश गाडीच्या मागून फिरून आले आणि डावीकडचं दार उघडून बसले.